शब्दकोडं हातचा मळ झालंय, आता पाटी वाचा

प्रश्न : माझे सासरे ७२ वर्षांचे. पेपरातलं शब्दकोडं दहा मिनिटांत सोडवतात, मग दिवसभर टीव्ही. हल्ली नावं आठवत नाहीत, बोलणंही कमी झालंय. मोबाइलवर मेंदूचे गेम घालून द्यावेत का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : गेमनं मामंजी त्या गेममध्ये तरबेज होतील, नावं आठवायला त्याचा फारसा उपयोग नाही. दहा मिनिटांत सुटणाऱ्या कोड्याचंही तेच.

आधी कान तपासून घ्या. ऐकू कमी आलं की माणूस बोलणं टाळतो आणि घरचे त्याला विसराळू ठरवतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४च्या अहवालात डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणारी, पण टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली आहेत. त्यात बहिरेपण, कमी दिसणं आणि एकटेपणाही आहे.

मेंदूला हवं नवं आणि थोडं अवघड काम. आपल्याकडे सीमाभागात कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, अशी मंडळी घरोघरी आहेत. मामंजी त्यातले असतील तर कन्नड लिपी शिकवा. (सीमावाद तूर्त खुंटीला टांगा.) मुळाक्षरांपासून नको, बसच्या कन्नड पाट्यांपासून सुरुवात करा. 'खानापुर'ची चारच अक्षरं. 'बेळगावि'मधला 'बे' ऱ्हस्व. मराठीत ए एकच, कन्नडमध्ये ऱ्हस्व-दीर्घ दोन, तिथं हमखास गोंधळ होतो. 'निप्पाणि'त दुसरा 'प' पहिल्याच्या पायाशी लटकतो, तो जोडाक्षराचा धडा. रोज वीस मिनिटं, दोन-तीनच नवी अक्षरं, लिहायच्या पाटीवर मोठी गिरवून. दुसऱ्या दिवशी न बघता आधी कालची लिहायची, मग नवी. आठवड्यातून एकदा स्टँडवर चालत जाऊन पाट्या वाचायच्या, नातवंडाला सोबत घेऊन.

फसतं कुठं? घरचे परीक्षा घेतात. "काल काय जेवलात, सांगा बघू" असं चारचौघांत विचारलं की म्हातारा माणूस वही मिटवतो ती कायमची. चुकलं तर अक्षर नुसतं शेजारी लिहून दाखवा. दहातली सात-आठ जमतील इतपतच अवघड ठेवा.

मात्र ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, सुट्ट्या पैशांचा हिशेब न जमणं यातलं काही दिसलं, तर लिपी बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य आणि काही झोपेच्या गोळ्यांमुळेही विसर पडतो आणि यावर इलाज आहे. जाताना चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या.