उन्हाच्या लाटेत घरी पाय मोडलेलं माणूस असेल तर दिवस कसा आखावा?

वडिलांच्या पायाला प्लास्टर आहे, बाहेर ४२ डिग्री आहे, एसी लावला तर हाड धरेल का आणि फिजिओला कधी बोलवावं, असं तुम्ही विचारलंय. एसी लावा, हाड वगैरे काही धरत नाही. फिजिओ सकाळी सातच्या आत. आता जे विचारलं नाहीत ते सांगते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन वॉकर घेऊन घरी आलो आणि त्याच आठवड्यात लाट सुरू झाली. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, लांब राहतो. त्याची सगळी सेवा फोनवरून. "पाणी देतेस ना?" दिवसातून चार वेळा. मी सकाळी लिटरची बाटली भरून उशाशी ठेवायचे, दुपारपर्यंत रिकामी. दादा खूश, मीही खूश. फक्त लघवी गडद व्हायला लागली होती आणि चारच्या सुमारास आई वार विसरायची. आम्ही म्हटलं, भुलीचा असर असेल.

एकदा दुपारी पडदा सरकवला तर खिडकीच्या छज्जावर सात-आठ कबुतरं, आणि छज्जा ओला. पलंग खिडकीला लागूनच होता. आई गजातून हात काढून बाटली बाहेर ओतत होती.

ओरडणार होते. ती म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं. जाऊन यायला वीस मिनिटं जातात, आणि तू दाराशी ताटकळत. नको वाटतं गं."

म्हणून सांगते, सरबतं आणि ओआरएस नंतर, आधी संडासाची सोय बघा. मी त्याच संध्याकाळी कमोडची खुर्ची आणून पलंगाशेजारी ठेवली. दादा भडकला. "तिला अपंग करतेयस, चालणं हाच व्यायाम आहे." अरे, व्यायाम पहाटे साडेपाचला होतच होता, गॅलरीत, गार हवेत! भर दुपारी घामाघूम होऊन बाथरूमच्या ओल्या फरशीवर वॉकर सरकवण्याला व्यायाम म्हणतात? मुळात ती पडली होती तिथेच. शिवाय पाय हलत नाही आणि अंगात पाणी कमी, म्हणजे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायला आयतं निमित्त. हे मी त्याला तेव्हा सांगितलं होतं, फोन ठेवून दिला त्याने. तीन दिवसांत आई वार बरोबर सांगायला लागली.

बाकी आखणी अशी काही खास नाही. अंघोळ, ड्रेसिंग, डॉक्टरकडे जाणं, सगळं ऊन चढायच्या आत. दुपारी दोनची अपॉइंटमेंट देत असतील तर सरळ नाही म्हणा. वरच्या मजल्यावर असाल तर स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो, तेव्हा बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गार झाली की मगच खिडक्या उघडा. लाइट गेली आणि नंतर इन्व्हर्टरवर नुसता पंखाच असेल, तर हात-मान-तोंड ओल्या फडक्याने पुसत राहा. कोरड्या अंगावर पंखा गरम हवाच फेकतो.

प्लास्टरचा अनुभव मला नाही. पण खाज सुटली म्हणून विणायची सुई किंवा पट्टी आत घालू देऊ नका. आतल्या घामेजल्या कातडीला ओरखडा गेला तर कळतही नाही. पाय उशांवर उंच ठेवा. बोटं निळसर किंवा बधिर झाली तर सकाळची वाट बघत बसू नका.

आणि हो, वडिलांना हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल, लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा, माझं ऐकू नका. अंग तापलंय आणि बोलणं असंबद्ध झालंय, तर थेट दवाखाना, वाटेत ओली फडकी अंगावर.

आई आता काठीशिवाय चालते. खुर्ची धुऊन माळ्यावर ठेवलीय. दादाला पुढच्या वर्षी साठ पूर्ण होतील.