ऑफिसच्या लॉनला पाणी किती?

प्रश्न: आमच्या ऑफिस कॉम्प्लेक्समधल्या स्प्रिंकलरचा टायमर वर्षभर एकाच सेटिंगवर चालतो, तरी लॉन कुठे पिवळं पडलंय तर कुठे चिखल, आणि पाणी पार्किंगमध्ये वाहतं. पाणी वाढवू का?

उत्तर: वाढवू नका हो, आधी टायमर बघा! कडक उन्हाळ्यात लॉनला आठवड्याला साधारण २५ ते ४० मिमी पाणी लागतं, थंडीत त्याच्या निम्मंसुद्धा पुरतं, आणि पावसात तर सिस्टीम बंदच हवी, त्यासाठी रेन सेन्सर बसवून घ्या म्हणजे कोणी विसरायचा प्रश्नच नाही. लॉनवर ठिकठिकाणी सपाट डबे ठेवून १५ मिनिटं स्प्रिंकलर चालवा आणि पट्टीने पाणी मोजा, कुठे कमी पडतंय ते लगेच कळेल, बहुतेक वेळा नोझल तुंबलेलं किंवा वाकडं झालेलं असतं. पाणी वाहतंय म्हणजे माती तेवढ्या वेगाने शोषत नाहीये, मग सलग २० मिनिटांऐवजी मध्ये अर्ध्या तासाची गॅप ठेवून दोनदा १०-१० मिनिटं द्या. वेळ पहाटेचीच, रात्रभर गवत ओलं राहिलं की बुरशी येते. झुडपांना वेगळ्या व्हॉल्ववर ड्रिप करा, लॉनच्या वेळापत्रकात त्यांना कोंबू नका.