संग्रहाची सुरुवात कशी करावी

आपण अमेरिकन चित्रपटगृहांतील जुन्या कार्टूनपटांच्या डिस्क जमवू लागला आहात, याचा आनंद वाटला. आरंभी सर्व स्टुडिओंच्या मागे न लागता एकच निवडावा. माझे मत विचाराल, तर वॉर्नर ब्रदर्स, कारण त्यांच्या लूनी ट्यून्स या कार्टूनमालेच्या, २००३ ते २००८ या काळात निघालेल्या गोल्डन कलेक्शन या डीव्हीडी-संचाच्या सहा खंडांत, प्रत्येकी चार डीव्हीडींवर, उत्तम निवड आयती मिळते.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे स्वस्त संकलने घेणे. फ्लायशर स्टुडिओच्या सुपरमॅनसारख्या स्वामित्वहक्क संपलेल्या कार्टूनपटांच्या डिस्क कोणीही काढू शकतो आणि त्यांतील बऱ्याच डिस्क फिल्मच्या झिजलेल्या प्रतींवरून केलेल्या असतात. मात्र महाग आवृत्तीही डोळे झाकून घेऊ नये: धूळ-ओरखडे पुसणाऱ्या संगणकीय प्रक्रियेत कधीकधी चित्रकाराच्या रेषाच पुसल्या जातात, आणि तसे पाहण्यापेक्षा ओरखडे परवडले.

मागवण्यापूर्वी एवढे पाहावे:

- डीव्हीडी कोणत्या भूभागातील प्लेअरवर चालेल हे तिच्या विभाग-क्रमांकावरून (रीजन कोड) ठरते. अमेरिकेतील डीव्हीडी बहुधा विभाग १ च्या असतात, भारत विभाग ५ मध्ये येतो. आपला प्लेअर त्या चालवतो का?
- जुनी डिस्क घेतल्यास परतीची मुदत संपण्याआधी ती शेवटपर्यंत चालवून पाहावी.

लेसरडिस्कचा, म्हणजे डीव्हीडीपूर्वीच्या मोठ्या चित्रपट-तबकड्यांचा, विषय तूर्त बाजूला ठेवावा.