राजीनाम्यानंतर कंपनीने घरी बसवलं, मग मंजूर झालेल्या पीएलचं काय?

लातूरचे एक वाचक वाळूजच्या कंपनीत सेल्सला आहेत. राजीनामा दिला, नोटीस 90 दिवसांची, दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप जमा करून घेतला आणि पगार चालू राहील पण घरी बसा असं सांगितलं. बहिणीच्या लग्नासाठी 12 दिवसांची पीएल, म्हणजे साठवलेली हक्काची पगारी रजा, आधीच मंजूर होती. आता एचआर म्हणतंय की शिल्लक सगळ्या 38 पीएल याच काळात वजा करतो, नाहीतरी तुम्ही घरीच आहात. असंच विचारणारे हल्ली बरेच जण आहेत.

तुम्ही लिहिलंय की अपॉइंटमेंट लेटर सापडत नाही, बहुतेक एचआरकडे असेल. अहो, ज्या कागदावर तुमची अख्खी नोकरी उभी आहे तोच तुमच्याकडे नाही, आणि राजीनामा द्यायच्या आधी तो एकदा वाचलाही नाही, याचा मला खरंच राग येतो. आजच मेल करून कॉपी मागा. त्यात एकच वाक्य शोधायचं, नोटीसच्या काळात शिल्लक रजा ॲडजस्ट करायचा अधिकार कंपनीला दिलाय का. दिला असेल तर लग्नाचे 12 सोडून उरलेल्या 26 दिवसांचे पैसे मिळणं अवघड आहे. नसेल तर एचआरचं म्हणणं टिकायला नको, कारण गार्डन लीव्हवर, म्हणजे नोटीसच्या काळात पगार चालू ठेवून घरी बसवलेलं असताना, तुम्ही ड्युटीवरच असता, फोन आला तर उचलावा लागतो, बोलावलं तर जावं लागतं, दुसरीकडे जॉइन होता येत नाही, आणि घरी बसवायचा निर्णय कंपनीचा आहे, तुम्ही काही रजा मागितली नव्हती.

लग्नाच्या 12 दिवसांचं मात्र वेगळं. ती रजा तुम्ही मागितली, त्यांनी दिली, तेवढे दिवस तुम्ही खरोखर मोकळे, म्हणून ती वजा होणारच. वाचवायची असेल तर सुरू व्हायच्या आधी लेखी मागे घ्या, पण तेही कंपनीने मानलं तरच. माझं ऐका, त्यावर भांडू नका, लग्नाला जा.

तुमचे लंडनचे मावसभाऊ म्हणतात की कंपनी दुप्पट दिवस आधी कळवून रजा घ्यायला लावू शकते. ते बरोबर आहे, पण तो तिकडचा 1998 चा नियम आहे. आपल्याकडे गार्डन लीव्हसाठी वेगळा कायदाच नाही, म्हणून करारातल्या वाक्याला एवढं वजन. नोकरी संपल्यावरही घरी बसा म्हणाले तर कामधंदा करण्यापासून रोखणारा करार रद्द ठरवणारं करार कायद्याचं कलम 27 आडवं येतं, मुंबई हायकोर्टाने व्हीएफएस ग्लोबलच्या केसमध्ये असा क्लॉज प्रथमदर्शनी चालणार नाही असंच म्हटलंय.

काही कामगार कायदे फक्त कामगारांनाच लागू होतात, आणि तुम्ही कायद्याने कामगार धरले जाल की मॅनेजर, हे हुद्द्यावर नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं, ते कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतरही दोन कामाच्या दिवसांत वेतन द्यायचं आहे, पण रजेचे पैसे त्यात धरायचे का यावर कंपनी वाद घालू शकते. आणि वाद कोर्टात गेला की तारखाच तारखा, 26 दिवसांच्या पगारासाठी वर्षानुवर्षं चकरा मारायला लागणं हा अन्यायच आहे, पण आज तरी परिस्थिती तीच आहे.

म्हणून जे करायचं ते शेवटच्या दिवसाच्या आत. "26 दिवसांची रजा मी मागितलेली नाही, वजा करायला माझी संमती नाही" एवढाच मेल एचआरला पाठवा, फोनवर बोलून सोडू नका. फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या, कागदावर "काही येणं बाकी नाही" असं छापलेलं असतं, त्यावर सही केली की पुढचं फार जड जातं. सही करावीच लागली तर खाली हाताने लिहा, "रजेच्या रकमेचा हक्क राखून", आणि फोटो काढून ठेवा.