परवाना हाती येईपर्यंत घर कसे चालवावे?

प्रश्न : मी ३१ वर्षांचा असून एका गोदामात पाळीने काम करतो. घरात आई, पत्नी आणि लहान मुलगा आहे. कमावणारा मी एकटाच. मला जड वाहनाचा परवाना काढून ट्रकचालक व्हायचे आहे. प्रशिक्षण सहा आठवड्यांचे आहे. शुल्काची रक्कम वेगळी ठेवली असून त्याशिवाय तीन महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी शिल्लक आहे. नोकरी सोडून एकदाचे हे प्रशिक्षण उरकून घ्यावे असे वाटते. हा विचार योग्य आहे का?

उत्तर : शुल्क आपण आधीच बाजूला काढले, हे उत्तम केले, परंतु आपला हिशेब सहा आठवड्यांपाशी थांबला आहे, आणि घराची ओढाताण नेमकी त्यानंतर सुरू होते. प्रशिक्षण संपले म्हणजे पगार सुरू झाला असे होत नाही. परीक्षेची तारीख मिळावी लागते, पहिल्या प्रयत्नात अपयश आले तर पुन्हा थांबावे लागते, त्यानंतर नोकरी शोधावी लागते, आणि नोकरी लागली तरी पहिला पूर्ण पगार बहुधा महिनाभर काम केल्यावरच हाती पडतो. म्हणून शिकण्याचे दिवस न मोजता बिनपगारी दिवस मोजावेत.

उदाहरणादाखल सहा आठवडे प्रशिक्षणाचे, तीन परीक्षेच्या तारखेचे, दोन फेरपरीक्षेसाठी राखीव, तीन नोकरी शोधण्याचे आणि चार पहिल्या पगाराचे धरून पाहा. बेरीज अठरा आठवडे, म्हणजे चार महिन्यांहून थोडी अधिक होते. घराचा नेहमीचा मासिक खर्च १०० भाग मानला, तर या काळाला सुमारे ४१५ भाग लागतील आणि आपल्यापाशी आहेत ३००. मात्र घरभाडे, किराणा, औषधे, शाळा आणि चालू कर्जाचे हप्ते एवढेच न टळणारे खर्च वेगळे काढले आणि ते ६० भागांत बसले, तर हीच गरज २५० भागांवर येते. तेव्हा शिल्लक पुरेल की नाही, हे प्रशिक्षण सुरू होण्याच्या दिवसापासून घर ६० भागांत चालवता येते का यावर ठरेल. पैसे संपत आल्यावर केलेली काटकसर फारशी उपयोगी पडत नाही. नोकरी सोडण्यापूर्वी एक संपूर्ण महिना घर त्या रकमेत चालवून पाहावे, आणि तो आकडा आपण एकट्याने न ठरवता आई व पत्नी यांच्यासह बसून ठरवावा. किराणा आणि औषधांचा खरा खर्च बहुतेक वेळा त्यांनाच अधिक अचूक ठाऊक असतो. ही चाचणी जमली नाही, तर नोकरी सोडण्याची तारीख पुढे ढकलावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

आता नोकरी केव्हा सोडावी याविषयी. माझे स्पष्ट मत असे की, शक्य तितकी उशिरा. परवान्याच्या वाटेवरील सर्व पायऱ्यांना दिवसभराची मोकळीक लागत नाही. सर्वांत आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, कारण दृष्टी, रक्तदाब, मधुमेह किंवा फेफरे यांपैकी कशामुळे अडचण येणार असेल तर ती शुल्क भरण्यापूर्वी आणि राजीनामा देण्यापूर्वी कळलेली बरी. त्यानंतर लेखी परीक्षेचा अभ्यास आणि शिकाऊ परवाना. ही कामे पाळी सांभाळून होतात. काही देशांत कायद्यानेच येथे थांबावे लागते. अमेरिकेत शिकाऊ परवाना मिळाल्यानंतर किमान १४ दिवस प्रत्यक्ष चालवण्याची परीक्षा देता येत नाही. भारतात हीच मुदत ३० दिवसांची आहे, शिवाय मालवाहू वाहनाचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो. हे दिवस कोणालाही चुकत नाहीत, म्हणून ते पगारी नोकरीत असतानाच जाऊ द्यावेत. पुष्कळ उमेदवार आधी राजीनामा देतात आणि मग ही मुदत घरी बसून काढतात.

प्रत्यक्ष गाडीवरचा सराव मात्र तुकड्यातुकड्यांनी करू नये. वळणाचा अंदाज, ट्रेलर उलटा घेणे, आरसे पाहण्याची सवय, गाडी बाहेर काढण्यापूर्वी ब्रेक, टायर आणि दिवे तपासण्याचा क्रम, हे सारे सलग सरावाने अंगवळणी पडते; आठवड्यातून एकदा सराव करणाऱ्याचा पहिला तास मागचे आठवण्यातच जातो आणि त्या तासाचेही पैसे मोजावे लागतात. या टप्प्यासाठी साठवलेली भरपगारी रजा वापरावी, आणि ती पुरत नसेल तर बिनपगारी रजा मागून पाहावी. रजेवर असलेल्या माणसाला परीक्षेची वाट पाहण्याच्या आठवड्यांत कामावर परतता येते. राजीनामा दिलेल्याला तसे करता येत नाही. मालकाच्या वतीने मिळणारा आरोग्यविमा असेल, तर राजीनाम्यासोबत तोही जातो, हे विसरू नये.

फेरपरीक्षेसाठी दोन आठवडे राखून ठेवा म्हटले, ते आपल्या कौशल्याविषयी शंका म्हणून नव्हे. भारतात अनुत्तीर्ण झालेल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते, परंतु तीनदा अपयश आल्यास ६० दिवस थांबावे लागते. इतरत्र मुदती निराळ्या आहेत. शिवाय परीक्षेसाठी लागणारी गाडी प्रशिक्षण केंद्राचीच असेल, तर तिचे भाडे बहुधा पुन्हा द्यावे लागते. एका फेरपरीक्षेचे शुल्क, गाडीभाडे आणि सरावाचे दोन तास एवढी रक्कम आजच वेगळी ठेवावी. ती वापरावी लागली नाही, तर पहिल्या पगारापर्यंत घराला कामी येईल.

या काळात जोडधंदा करावा का, असेही आपल्या मनात आले असेल. करावा, परंतु रात्रपाळी करून सकाळी सरावाला जाऊ नये. झोप नसलेल्या माणसाने जड वाहनाच्या चाकामागे बसणे धोक्याचे आहेच, शिवाय निव्वळ पैशांच्या दृष्टीनेही तो आतबट्ट्याचा व्यवहार आहे. डोळ्यांवर झापड असताना दिलेली आणि नापास झालेली एक परीक्षा चार रात्रींची कमाई गिळून टाकते. सुट्टीच्या दिवशीची कामे, माल चढवण्या-उतरवण्याची किंवा मालाची नोंद ठेवण्याची कामे अधिक सोयीची. हलक्या मालवाहू गाडीवर चालक म्हणून काम मिळाले तर सर्वांत चांगले, कारण त्यात पोटही भरते आणि रस्त्याचा सरावही होतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार, हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीविना चालवू शकते. युरोपीय संघात साध्या मोटारीच्या परवान्यावर ही मर्यादा सर्वसाधारणपणे ३,५०० किलोंची आहे, तर अमेरिकेत २६,००० पौंडांपर्यंतच्या साध्या मालाच्या गाडीला व्यावसायिक परवाना लागत नाही. गाडी हाती घेण्यापूर्वी तिचा विमा आपल्यासारख्या चालकाला लागू आहे, याची मालकाकडून खात्री करून घ्यावी.

बाहेरून मिळणाऱ्या मदतीविषयी विचारताना एक भेद ध्यानात ठेवावा : बहुतेक योजना शुल्क देतात, घरखर्च देत नाहीत. दोन्ही देणारे मार्ग थोडे आहेत, पण आहेत. जर्मनीत व्यावसायिक चालकाचा तीन वर्षांचा शिकाऊ अभ्यासक्रम आहे आणि त्या काळात मालक दरमहा वेतन देतो. तेथील बेरोजगारांना रोजगार कार्यालयाकडून प्रशिक्षणाचे अधिकारपत्र मंजूर झाल्यास शुल्काची सोय होते आणि भत्ताही चालू राहू शकतो. अमेरिकेत माजी सैनिकांना मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी शुल्कासह निवासभत्ता मिळू शकतो. आपण जेथे राहता तेथील रोजगार कार्यालयात प्रश्न असा विचारावा : ‘शुल्काव्यतिरिक्त निर्वाहभत्ता मिळतो का, आणि तो अर्ज केल्यापासून किती दिवसांनी हातात येतो?’ दुसरा अर्धा प्रश्न बहुतेकजण विचारत नाहीत आणि मग भत्ता प्रशिक्षण संपल्यावर येतो.

कर्ज काढावेच लागले तर ते शुल्कासाठी काढावे, ज्याचा हप्ता नोकरी लागल्यानंतर सुरू होईल असे. आणि रोख शिल्लक घरासाठी राखावी. किराण्यासाठी क्रेडिट कार्ड किंवा खासगी सावकार यांच्याकडे वळण्याची वेळ आली, तर नियोजन फसले असे समजून प्रशिक्षण काही महिने लांबवावे. चालू कर्जाचा हप्ता चुकणार असे दिसत असेल, तर चुकण्यापूर्वीच बँकेत जाऊन मुदत वाढवून मागावी. थकबाकीदाराच्या विनंतीपेक्षा नियमित फेड करणाऱ्याची विनंती अधिक आस्थेने ऐकली जाते.

प्रश्न : एक वाहतूक कंपनी मला विनामूल्य प्रशिक्षण देण्यास तयार आहे. राहण्याची सोय आणि थोडा भत्ताही मिळेल. मात्र नंतर एक वर्ष तेथेच नोकरी करावी लागेल, अन्यथा प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यावा लागेल. ही संधी घ्यावी का?

उत्तर : ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याच्यासाठी हा मार्ग वाईट नाही, फक्त त्याला ‘विनामूल्य’ म्हणू नये. कंपनी आपल्याला उसने देत आहे आणि परतफेड श्रमाने घेणार आहे. तेव्हा हे कागद नोकरीचे म्हणून न वाचता कर्जाचे म्हणून वाचावेत.

सर्वप्रथम, परतफेडीची रक्कम दरमहा घटते का, ते पाहावे. बारा महिन्यांच्या करारात ती समान भागांनी घटत असेल, तर आठ महिने पूर्ण करून सोडणाऱ्यावर बारापैकी चारच भाग उरतात. घटत नसेल, तर अकराव्या महिन्यात सोडणाऱ्यालाही संपूर्ण रक्कम भरावी लागते. दोन करारांची भाषा पुष्कळदा सारखीच दिसते, फरक एखाद्या वाक्याचा असतो. दुसरे, कंपनीनेच कामावरून काढले, काम कमी झाले म्हणून घरी बसवले किंवा आपण आजारी पडलात, तरीही रक्कम वसूल होणार का? याचे उत्तर करारात स्पष्ट नसेल, तर लेखी मागून घ्यावे. तिसरे, करारात दाखवलेला प्रशिक्षणाचा खर्च बाहेरच्या केंद्रांच्या शुल्काशी ताडून पाहावा. तो दुप्पट दाखवला असेल, तर दंडच आधी लिहून ठेवला आहे असे समजावे.

आपण भत्त्याचा उल्लेख ‘थोडा’ असा केला आहे. तो पहिल्या दिवसापासून मिळतो की परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, आणि निवासाचे पैसे त्यातूनच कापले जातात का, हे विचारले का? अनुभवी चालकासोबत फेऱ्या करण्याचा जो काळ असतो, त्यात अंतरानुसार मोबदला मिळणार की ठरावीक रक्कम, हेही पाहावे. नव्या माणसाला गाडी संथच चालवावी लागते आणि माल भरण्याच्या रांगेत तासन्‌तास जातात, म्हणून सुरुवातीला केवळ अंतरावर आधारलेला मोबदला तोट्याचा ठरतो.

मूळ परवाना, ओळखपत्रे किंवा शिक्षणाची प्रमाणपत्रे कंपनीकडे ठेवण्यास सांगितले, तर तेथून उठून यावे. या एका मुद्द्यावर मी तडजोड सुचवणार नाही. प्रती द्याव्यात, मूळ कागद कधीही देऊ नयेत.

परवाना मिळाल्यावर त्याची किंमत कोणत्या प्रदेशात किती, हाही विचार करावा. युरोपीय संघात मालवाहतुकीचा व्यवसाय करण्यासाठी परवान्याखेरीज प्रारंभिक पात्रता लागते. वर्गातून ती मिळवायची तर पूर्ण अभ्यासक्रम २८० तासांचा आणि जलद अभ्यासक्रम १४० तासांचा असतो, पुढे दर पाच वर्षांनी ३५ तासांचे प्रशिक्षण असते. कंपनी यांतील फक्त परवान्याचाच खर्च उचलणार असेल, तर उरलेले तास आणि त्या काळातला निर्वाह आपल्याच खिशातून जाईल. अमेरिकेत ७ फेब्रुवारी २०२२ पासून नवोदितांना नोंदणीकृत केंद्रातच प्रशिक्षण घेणे बंधनकारक आहे, पण तासांची किमान संख्या ठरवलेली नाही. त्यामुळे दोन केंद्रांचा कालावधी आणि म्हणून घरखर्चाचा बोजा फार वेगवेगळा असू शकतो.

प्रश्न : माझे पती गेल्या महिन्यात ट्रकचालक म्हणून रुजू झाले. प्रशिक्षणाचे दिवस आम्ही कसेबसे काढले. पण आता पगार सुरू होऊनही हातात काही उरत नाही. आमचे काय चुकते आहे?

उत्तर : फारसे काही चुकत नसावे, आपले घर सध्या दोन ठिकाणी चालते आहे. पती रस्त्यावर असताना त्यांचे जेवण, आंघोळ, गाडी उभी करण्याची जागा आणि फोन यांवर पैसे जातात, शिवाय हातमोजे, मजबूत बूट, अंथरूण-पांघरूण अशी पहिल्या महिन्यातील खरेदी असतेच. एक माणूस बाहेर गेला म्हणून घरचे भाडे किंवा हप्ता कमी होत नाही. एक महिनाभर त्यांनी रस्त्यावरचा प्रत्येक खर्च वहीत लिहावा आणि प्रवासभत्ता त्याला पुरतो का ते पाहावे. काही कंपन्या जागेचे शुल्क आणि पथकर पावती दाखवल्यास परत करतात. पावती फेकून दिली तर ते पैसे गेले.

पगारपत्रकात उचल वजा झाली आहे का, तेही तपासावे. पहिल्या पगारापर्यंत निभावण्यासाठी घेतलेली उचल एकाच महिन्यात कापली गेली, तर पुढच्या महिन्यात पुन्हा उचल घ्यावी लागते आणि हे चक्र थांबत नाही. ही कपात तीन किंवा चार समान हप्त्यांत करावी, अशी विनंती पतींनी लेखी करावी, आणि ती पूर्ण फिटेपर्यंत प्रशिक्षणाच्या काळात आपण ठरवलेला खर्चच घरात चालू ठेवावा.