लेनाकापाविर मागवण्याआधी मामांच्या गोळ्यांचं बघा

तुमचा प्रश्न असा: मामा एचआयव्हीच्या सेकंड लाइनवर (पहिला संच निकामी झाल्यावरच्या गोळ्यांवर) आहेत, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) पुन्हा हजारांत गेलाय, तर सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाविर बाहेरून मागवून टोचावं का? अजिबात नको. औषध फार चांगलं आहे, आणि तेच वाया जाईल.

एचआयव्ही स्वतःची नक्कल काढताना सतत चुकतो आणि चूक दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही. एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते. लॅमिव्हुडिन या एचआयव्हीवरच्या गोळीचंच बघा: नक्कल काढणाऱ्या एन्झाइममध्ये १८४व्या जागी मेथिओनिनऐवजी व्हॅलिन आलं की गोळीचा जोर जवळपास संपला. एवढासा बदल! म्हणून नवी औषधं शोधणारे नव्या जागा धरतात. २०१८ चं इबालिझुमॅब आपल्याच पेशीवरच्या सीडी-फोरला (विषाणू जिथे पकड घेतो त्या प्रथिनाला) चिकटतं, २०२० चं फोस्टेमसाविर विषाणूच्या बाहेरच्या जीपी-१२० या प्रथिनाला. लेनाकापाविर विषाणूच्या आतल्या कवचाच्या प्रथिनांत घुसून बसतं; जुन्या गटांच्या औषधांना दाद न देणारा विषाणूही त्याला दबतो.

कॅपेला नावाच्या चाचणीत बरीच औषधं निकामी ठरलेले ७२ रुग्ण होते. त्यातल्या २४ जणांच्या फसलेल्या गोळ्यांना आधी फक्त लेनाकापाविर जोडलं. दोन आठवड्यांत २१ जणांचा लोड तिसऱ्या हिश्श्याखाली आला. पण पुढे २६ आठवड्यांपर्यंत ७२ पैकी ८ जणांत याच्याविरुद्धही प्रतिकार उभा राहिला. त्यांच्याकडे एक तर जोडीला दमदार औषध उरलं नव्हतं, नाहीतर जोडीच्या गोळ्या बुडत होत्या. मामांना नुसतं इंजेक्शन दिलंत तर तुम्ही हेच करणार.

त्यापेक्षा घरातली सगळी औषधं पिशवीत घालून एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रात) न्या, मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा. डोल्युटेग्राविर ही एचआयव्हीवरची गोळी चालू असेल तर ॲसिडिटीच्या अँटासिडने ते नीट शोषलं जात नाही. गोळी अँटासिडच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास हवी. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं असेल तर डोल्युटेग्राविर सहसा दिवसातून दोनदा लागतं. गोळ्या बुडतात का, हे मामींनी विचारलेलं बरं. भाच्यासमोर माणूस "सगळं वेळेवर घेतो" म्हणणारच.

हे सगळं ठीक निघालं तर डॉक्टरांकडे रेझिस्टन्स टेस्टचा (विषाणू कोणत्या औषधांना दाद देत नाही, त्या तपासणीचा) विषय काढा. थर्ड लाइनला दारुनाविरसारखी औषधं सरकारी कार्यक्रमातही आहेत. निर्णय तज्ज्ञांची समिती घेते, आणि केस तिथे सेंटरमधूनच जाते. तोवर "नाहीतरी लागू पडत नाहीत" म्हणून चालू गोळ्या बंद करू नका. बंद केल्या की मूळचा विषाणू वर येतो, बदललेला मागे दडतो आणि त्या टेस्टचा रिपोर्ट खोटाच चांगला दिसतो.