नागपुरात मुलांची फुटबॉल लीग कशी चालते आणि तिला पैसा कुठून येतो?

तुम्ही विचारलंय की वस्तीतल्या पोरांसाठी लीग सुरू करायची आहे, पण ती चालवतं कोण आणि पैसा देतं कोण. दक्षिण नागपुरात १३ वर्षांखालच्या पोरांची एक छोटी लीग आम्ही काही जण चालवतो. हिशेबाची वही माझ्याकडे असते, म्हणून पैशांबद्दल जरा जास्तच लिहीन.

आधी लीग कशाला हवी ते सांगतो. सुब्रतो कपसारख्या शालेय स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्या बहुधा बाद पद्धतीच्या असतात. पहिलाच सामना हरला की पोरगं घरी, मग पुढच्या वर्षापर्यंत वाट पाहायची. वर्षाला एक सामना खेळून कुणाचा खेळ सुधारत नाही. लीगमध्ये हरलेल्या संघालाही पुढच्या रविवारी खेळायला मिळतं.

अधिकृत उतरंड अशी: देशात अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, राज्यात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि तिच्याखाली जिल्हा संघटना. वस्तीपातळीवरची लीग संलग्न नसली तरी चालते. मात्र पोरांना पुढे मोठ्या स्पर्धांत खेळायचं असेल तर संलग्न क्लबमधून महासंघाकडे ऑनलाइन नोंदणी लागते. ती लवकर करा. जन्मदाखला पहिल्याच दिवशी तपासला जातो आणि वयचोरीची भांडणं टळतात. आमच्याकडे सगळ्यात मोठी भांडणं गोलवरून झाली नाहीत, वयावरून झाली.

आता पैसा. खर्च ठरतो सामन्यांच्या संख्येवर. आठ संघ एकमेकांशी एकदा खेळले तर २८ सामने होतात, दहा संघ घेतले तर थेट ४५. दोनच संघ वाढले आणि रेफ्रींचं मानधन दीडपटीच्या वर गेलं. आमचा सगळ्यात मोठा खर्च तोच आहे. म्हणून आम्ही आठवर थांबलो. सात-सात जणांचा खेळ, अर्ध्या मैदानावर एक सामना, चार नंबरचा चेंडू. रविवारी सकाळी चार सामने लावले की सात रविवारांत लीग पूर्ण होते. बाकी खर्च मैदानाचं भाडं, रेषा आखायची फक्की, चेंडू, बिब (संघ ओळखू यावेत म्हणून घालायच्या रंगीत बंड्या), प्रथमोपचाराची पेटी आणि खेळून झाल्यावर पोरांना केळी. ट्रॉफीवर आम्ही कमीत कमी खर्च करतो.

येणारा पैसा म्हणजे मुख्यतः संघांची प्रवेश फी. ती संघाकडून घेतो, पोरांकडून एकेकट्याने कधीच नाही. एका संघात कुणाचे वडील डॉक्टर असतात, कुणाचे ऑटो चालवतात. कुणी किती दिले हे पोरांना कळता कामा नये. वस्तीतल्या संघांना फी निम्मी असते आणि उरलेली भरपाई ‘एका संघाचा हंगाम उचला’ असं म्हणून ओळखीच्या लोकांकडून करतो. कुणी चेंडू देतं, कुणी महिनाभराचं पाणी.

एका हंगामात एका दुकानदाराने बॅनरच्या बदल्यात मोठी रक्कम देतो म्हणून तोंडी सांगितलं होतं. त्या भरवशावर आम्ही दहा संघ घेतले. पाचव्या रविवारी त्याने हात वर केले आणि उरलेले सामने आमच्या खिशातून झाले. तेव्हापासून नियम केला: प्रायोजकाचा पैसा खात्यात आल्याशिवाय वहीत चढत नाही.

वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) आणि मॉयल या सरकारी खाण कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत, त्यामुळे सगळे म्हणतात, सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा, मागा. मागा, पण आधी कायदा समजून घ्या. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते आणि खेळांचं प्रशिक्षण त्यात बसतं. जाहिरातीसाठी दिलेली स्पॉन्सरशिप मात्र सीएसआरमध्ये धरली जात नाही. शिवाय संस्थेची नोंदणी, प्राप्तिकराची कागदपत्रं आणि सीएसआरचा पैसा घेण्यासाठी संस्थेने भरायचा सीएसआर-१ फॉर्म लागतो. पहिल्याच वर्षी एवढ्याच्या मागे लागलात तर हंगाम कागदातच जाईल. किमान तीन वर्षं लीग चालवा, हिशेब तपासून घ्या, मग अर्ज करा. बँक खातं दोन सह्यांचं ठेवा आणि दर रविवारी रात्री पालकांच्या ग्रुपवर खर्च टाका. आमची फी वेळेवर येते ती या एका सवयीमुळे.

पैशाअभावी पोरांना खेळू द्यायचं की नाही, या प्रश्नाचं उत्तर याच शहरात मिळालेलं आहे. क्रीडाशिक्षक विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन स्लम सॉकर ही संस्था उभी केली. आमच्या लीगमधले दोन संघ अशाच वस्त्यांमधले आहेत. त्यातल्या एका संघाकडे शूजची एकच जोडी होती, आळीपाळीने जो गोलकीपर होईल तो ती घालायचा. ते पाहिलं त्या वर्षी आम्ही ट्रॉफी रद्द करून त्या पैशांतून शूज घेतले. एकाही पालकाने तक्रार केली नाही.

हंगाम दिवाळीनंतर सुरू करा. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत चेंडू रुतून बसतो, मार्चमध्ये परीक्षा आणि एप्रिलपासून सकाळी आठलाच ऊन अंगावर येतं. मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा शाळा, मैदान ज्याचं असेल त्याच्याकडे गणपतीच्या आधीच अर्ज टाका. दिवाळीनंतर लग्नांचे मंडप पडायला लागतात आणि रविवार सगळ्यात आधी जातात.